जुन्या लॅपटॉपचा झाकण मिटून दूरस्थ प्रवेशासाठी वापर : स्वरूप, अडचणी आणि दक्षता

गोषवारा :
नित्य वापरातून बाद झालेला लॅपटॉप झाकण मिटून एका जागी ठेवावा, तो अहोरात्र चालू राहावा आणि त्यातील सामग्री घरून अथवा परगावाहून हाताळता यावी, ही गरज आज महाविद्यालयीन विभागांत वारंवार निर्माण होते. वरवर पाहता ही एका पर्यायावर खूण करण्याची बाब वाटते. प्रत्यक्षात झाकण मिटताच यंत्राची निद्रा, पडदा, उष्णता, बॅटरी व जाळ्याशी असलेला संबंध असे अनेक प्रश्न एकाच वेळी उभे राहतात. प्रस्तुत लेखात या प्रश्नांची कारणमीमांसा केली असून भाषा-विभागातील एका प्रत्यक्ष यंत्राच्या अनुभवाच्या आधारे काही दक्षता सुचविल्या आहेत.

बीजशब्द : जुना लॅपटॉप, झाकण-कळ, दूरस्थ प्रवेश, लिथियम-आयन बॅटरी, एसएसएच, ई-कचरा

प्रस्तावना :
प्रस्तुत लेखिका संगणकशास्त्राची अभ्यासक नाही, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे. मराठीच्या अध्यापकाला या विषयाकडे वळण्याचे कारण एका प्रसंगात आहे. आमच्या विभागात काही वर्षांपासून परिसरातील बोलींच्या नमुन्यांचे ध्वनिमुद्रण केले जाते. सुमारे साठ तासांचे हे मुद्रण विभागातील एका जुन्या लॅपटॉपवर साठविलेले होते. बोलणाऱ्यांपैकी काही वृद्ध आज हयात नाहीत, म्हणजे ते मुद्रण पुन्हा करणे शक्य नाही. २०२२ च्या उन्हाळी सुट्टीत हा लॅपटॉप विभागाच्या टेबलावर उघडा व चालू ठेवून लेखिका गावी गेली. एम. ए. च्या एका विद्यार्थिनीला लघुप्रबंधासाठी त्यातील काही मुद्रणे हवी होती व ती घरूनच तिला पाठविता येतील अशी व्यवस्था केलेली होती. प्रबंध सादर करण्यास चार दिवस उरले असताना यंत्र अचानक प्रतिसाद देईनासे झाले. विभागातील मामांना दूरध्वनी केला तेव्हा ते म्हणाले, ‘‘मॅडम, लॅपटॉप उघडाच राहिला होता. धूळ बसते म्हणून मी मिटून ठेवला. बंद नाही केला, नुसता मिटला.’’

मामांनी काळजीपोटी केलेली ही कृती होती आणि त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. महाविद्यालय बंद, किल्ली एकाकडे, मामा त्यांच्या गावी. एस. टी. ने प्रवास करून विभाग उघडून घेण्यात दोन दिवस गेले. मुद्रणे विद्यार्थिनीला मिळाली, परंतु परिशिष्टातील सात उतारे लिप्यंतराला वेळ न उरल्याने तिला गाळावे लागले. ‘मिटणे’ आणि ‘बंद करणे’ या दोन क्रियापदांतील भेद मामांना कळत होता, यंत्राला कळत नव्हता. तो त्याला कसा शिकवावा, हा या लेखाचा विषय होय.

झाकण आणि निद्रा यांचा संबंध :
झाकण मिटणारा संगणक ही कल्पना चाळीस वर्षांहून जुनी आहे. ब्रिटिश रचनाकार बिल मॉग्रिज यांनी आखलेला ‘ग्रिड कंपास’ हा संगणक १९८२ मध्ये बाजारात आला. शिंपल्याप्रमाणे उघडणारी व मिटणारी त्याची रचना पुढे सर्व लॅपटॉपची ओळख ठरली. मिटलेला संगणक म्हणजे वाहून नेण्यास सिद्ध झालेला संगणक, हे गृहीतक त्या रचनेतच आहे. पिशवीत ठेवलेले यंत्र चालू राहिले तर ते तापेल व बॅटरी संपेल, म्हणून मिटताच निजणे हा त्याचा स्वभाव ठरविण्यात आला. आपण ज्या हेतूने लॅपटॉप मिटवू पाहतो तो हेतू रचनाकारांच्या मनात नव्हता, आणि पुढील बहुतेक अडचणींचे मूळ येथेच आहे.

ही निद्रा घडते कशी, तेही पाहण्यासारखे आहे. जुन्या काही यंत्रांत बिजागरीजवळ एक छोटी खुंटी असे व झाकणाने ती दाबली जाई. नंतरच्या यंत्रांत झाकणाच्या कडेत एक लहानसे चुंबक असते आणि खालच्या भागात त्याची चाहूल घेणारा ‘हॉल’ संवेदक असतो. चुंबक जवळ आले की संवेदक झाकण मिटल्याची वार्ता देतो. चुंबकाच्या टाचणीचे बांगडीवजा घड्याळ हातात घालून टंकलेखन करताना काहींचा लॅपटॉप मध्येच निजतो त्याचे कारणही हेच. ही वार्ता ‘एसीपीआय’ या प्रमाणित व्यवस्थेतून संचालन प्रणालीकडे जाते. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी डिसेंबर १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या प्रमाणकाचा गाभा असा की, विजेच्या वापराविषयीचे निर्णय यंत्राच्या मूळ आज्ञावलीने न घेता संचालन प्रणालीने घ्यावेत. म्हणजे झाकण केवळ बातमी देते, निजायचे की जागे राहायचे हे प्रणाली ठरविते. आपल्याला बदल करता येतो तो या फटीतूनच.

विंडोज प्रणालीत नियंत्रण पटलातील ऊर्जा-पर्यायांत झाकण मिटल्यावर काय करावे हे ठरविण्याची सोय आहे. तेथे दोन रकाने असतात, एक बॅटरीवर चालतानाचा व दुसरा विजेवर चालतानाचा. पुष्कळ जण केवळ दुसऱ्या रकान्यात ‘काहीही करू नये’ असे निवडून थांबतात. ज्या गावी वीज दिवसातून दोनदा जाते तेथे हे अपुरे ठरते. वीज गेल्यावर बॅटरीवर तग धरणे हाच तर लॅपटॉपचा साध्या संगणकाहून मोठा गुण. नेमक्या त्याच क्षणी यंत्र निजण्याचा संभव राहू नये म्हणून दोन्ही रकाने बदलावेत. मात्र असे यंत्र पुढे कधी पिशवीत घालायचे झाल्यास ते आधी पूर्ण बंद करण्याची सवय लावून घ्यावी लागते, कारण आता ते मिटल्याने निजणार नाही.

लिनक्सच्या बहुतेक प्रचलित वितरणांत हे काम ‘सिस्टीमडी’ या व्यवस्थेचा ‘लॉगिनडी’ हा घटक करतो. त्याच्या मांडणी-संचिकेत झाकण-कळीविषयी तीन ओळी असतात : सर्वसाधारण, बाह्य वीज असताना आणि गोदीला किंवा दुसऱ्या पडद्याला जोडलेले असताना. पहिल्या ओळीचे मूळ मूल्य निद्रा हे असते. ते बदलून ‘इग्नोर’, म्हणजे दुर्लक्ष, असे करावे व दुसरी ओळही तशीच ठेवावी. येथे एक खाचखळगा आहे, ज्यात लेखिका स्वतः अडकली. झाकणाची निद्रा थांबविली तरी बराच वेळ कोणी न वापरल्यास निजण्याची तरतूद वेगळीच असते. ती आपल्या खात्यात बंद केली तरी काही वितरणांत प्रवेश-पटलाला, म्हणजे अद्याप कोणीही आत आलेले नाही त्या अवस्थेला, स्वतःची स्वतंत्र तरतूद असते. परिणामी यंत्र पुन्हा सुरू झाले की कोणी प्रवेश करण्याची वीस मिनिटे वाट पाहते आणि मग निजते. यावर खात्रीचा उपाय म्हणजे प्रणालीतील निद्रेची लक्ष्येच एकदा झाकून टाकणे, जेणेकरून कोणत्याही घटकाने आज्ञा दिली तरी ती पाळली जाणार नाही.

ॲपलच्या लॅपटॉपची रीत निराळी आहे. बाह्य पडदा, वीज व कळफलक जोडलेला असेल तर तो मिटूनही काम करतो, पडदा नसेल तर निजतो. ही सक्ती मोडण्याची आज्ञा आहे, पण एकटे ठेवण्याच्या यंत्रासाठी लेखिका तिची शिफारस करणार नाही.

पडदा नसलेल्या यंत्राकडे पाहणे :
यंत्र जागे राहिले तरी दूरून जोडल्यावर काळा पडदा दिसतो, ही तक्रार फार आढळते. याचे कारण दूरस्थ प्रवेशाच्या दोन भिन्न पद्धतींत आहे. केंब्रिज येथील ऑलिव्हेटी व ओरॅकल यांच्या संशोधन प्रयोगशाळेतून १९९८ मध्ये बाहेर आलेली ‘व्हीएनसी’ ही पद्धत व तिच्या धर्तीवरील अनेक साधने यंत्राच्या पडद्यावर जे चित्र आहे त्याची प्रत दूरवर पाठवितात. झाकण मिटल्यावर प्रणाली आतील पडदा वजा करते आणि दुसरा पडदा नसल्यास प्रत काढायला चित्रच उरत नाही, किंवा अत्यंत लहान आकाराचे चित्र मिळते. त्याच १९९८ साली विंडोज एनटी ४.० च्या टर्मिनल सर्व्हर आवृत्तीबरोबर आलेली ‘आरडीपी’ ही पद्धत मात्र जोडणाऱ्यासाठी स्वतंत्र काल्पनिक पडदा उभा करते. तिला झाकणाशी कर्तव्य नसते. दुर्दैवाने विंडोजच्या घरगुती आवृत्तीत या पद्धतीने इतरांना आत घेण्याची सोय दिलेली नाही, ती व्यावसायिक आवृत्तीत आहे.

चित्राची प्रत काढणारे साधनच वापरायचे असेल तर एक गमतीशीर वस्तू उपयोगी पडते. एचडीएमआय खाचेत बसणारी अंगठ्याएवढी खोटी खुंटी बाजारात मिळते. आपण अमुक आकाराचा पडदा आहोत अशी माहिती ती यंत्राला देते व यंत्र भोळेपणाने त्या नसलेल्या पडद्यासाठी चित्र काढत राहते. फार जुन्या लॅपटॉपला एचडीएमआय खाच नसेल तर हा मार्ग बंद होतो.

केवळ संचिका आणायच्या, पाठवायच्या किंवा आज्ञा द्यायच्या असतील तर मात्र चित्राची गरजच नाही. आमच्या विभागाने अखेर हाच मार्ग धरला. यंत्रावर चित्रमय पटल न बसविता केवळ अक्षरी लिनक्स ठेवले. त्यातही एक बारकावा निघाला. झाकणाकडे दुर्लक्ष करण्यास शिकविलेले यंत्र कधीकधी पडद्याचा दिवाही विझवीत नाही. मिटलेल्या झाकणाआड दिवा रात्रंदिवस जळत राहतो, वीज जाते आणि कळफलक व पडदा यांच्यामध्ये उष्णता कोंडते. खोलीत अंधार करून झाकणाच्या फटीतून पाहिल्यास हे लगेच कळते. ठराविक सेकंदांनंतर अक्षरी पडदा विझविण्याची सूचना प्रणालीच्या आरंभीच्या ओळीत घातली की प्रश्न मिटतो.

उष्णता :
मिटलेल्या लॅपटॉपच्या बाबतीत सर्वाधिक भीती उष्णतेची घातली जाते, ती सर्व यंत्रांना सारखी लागू नाही. काही रचनांत पंखा तळातून हवा ओढतो व बाजूने फेकतो, त्यांना झाकणाने फारसा फरक पडत नाही. काहींत कळांच्या फटींतून हवा आत जाते, काहींत उष्ण हवा बिजागरीजवळून बाहेर पडते. अशा यंत्रांचे झाकण मिटणे म्हणजे नाक दाबण्यासारखे आहे. आपले यंत्र कोणत्या जातीचे, हे अंदाजाने ठरवू नये. झाकण उघडे ठेवून अर्धा तास व मिटून अर्धा तास तेच काम करावयास लावावे आणि दोन्ही वेळा प्रक्रियकाचे तापमान टिपून ठेवावे. आमच्या यंत्रात हा फरक निष्क्रिय अवस्थेत चार अंशांचा आणि भार असताना अकरा अंशांचा निघाला. संचिका पुरविण्याचे काम हलके असल्याने तो सहन होण्याजोगा होता. तेच यंत्र चित्रफिती रूपांतरित करण्यास लावले असते तर झाकण उघडे ठेवणेच शहाणपणाचे ठरले असते.

जागेची निवड त्याहून महत्त्वाची आहे. चोरीच्या धास्तीने असे यंत्र लोखंडी कपाटात कुलूपबंद करण्याची सूचना आमच्याकडेही झाली होती. मराठवाड्यातील मे महिन्यात खोलीचेच तापमान चाळिशीपार जाते, तेव्हा कपाटाच्या आत काय होईल ते सांगायला नको. यंत्र जाळीदार मांडणीवर, भिंतीपासून चार बोटे दूर, शक्य तर पुस्तकासारखे उभे ठेवावे. वर्षातून दोनदा पंख्यातील धूळ काढावी. धुळीविषयीची मामांची चिंता अगदीच अनाठायी नव्हती.

बॅटरी : मिटलेल्या झाकणाआडचा धोका :
या संपूर्ण विषयात लेखिकेला सर्वांत गंभीर वाटणारा भाग हाच आहे. लिथियम-आयन बॅटरी वापराने जशी झिजते तशी नुसत्या काळानेही झिजते, आणि ही झीज दोन गोष्टींनी वाढते : पूर्ण भरलेली अवस्था आणि उष्णता. सतत विजेला जोडलेल्या, मिटलेल्या, उबदार लॅपटॉपमध्ये या दोन्ही गोष्टी बारा महिने एकत्र नांदतात. झिजणाऱ्या बॅटरीच्या आत वायू तयार होतो. जुन्या जाड लॅपटॉपच्या बॅटरीत पोलादी नळकांड्यांतील घट असतात, ते सहसा फुगलेले दिसत नाहीत. पातळ यंत्रांत मऊ पाकिटातील घट असतात, ते उशीसारखे फुगतात.

उघड्या लॅपटॉपमध्ये असा फुगवटा लवकर ध्यानात येतो. स्पर्शपट्टी उचलली जाते, ती दाबली जाईनाशी होते, तळहाताखालचा भाग वर येतो. मिटलेल्या यंत्राकडे कोणी पाहतच नाही. आमच्या यंत्राचे झाकण २०२३ च्या दिवाळीनंतर उघडले तेव्हा स्पर्शपट्टीची एक कड चक्क वर आलेली होती आणि झाकण नीट बसत नव्हते. ते किती दिवसांपासून तसे होते, हे विभागातील कोणालाच सांगता आले नाही. यंत्राने तक्रार केली नव्हती, दूरून जोडणी व्यवस्थित चालू होती. यंत्र चालू आहे म्हणजे ते सुस्थितीत आहे, हा समज दूरस्थ वापरात फार सहज रुजतो.

फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये, पुन्हा भरू नये. यंत्र विजेपासून तोडून बंद करावे व जाणकाराकडून बॅटरी काढून घ्यावी. हे झाले नंतरचे. आधीची दक्षता म्हणजे बॅटरी पूर्ण भरूच न देणे. अनेक उत्पादकांच्या, विशेषतः कार्यालयीन वापराच्या लॅपटॉपमध्ये भरण्याची वरची मर्यादा ठरविता येते. लिनक्समध्येही ज्या यंत्रांना तशी सोय आहे त्यांची मर्यादा एका ओळीने घालता येते. ती साठ ते ऐंशी टक्क्यांच्या दरम्यान ठेवावी. भारनियमनाच्या तासाभरासाठी तेवढी पुरते. अशी सोय नसलेल्या जुन्या यंत्राची बॅटरी सुटी निघणारी असेल तर ती काढून ठेवून केवळ विजेवर यंत्र चालविता येते, मग विजेचा खंड सहन करण्याची शक्ती जाते आणि काही यंत्रे बॅटरीवाचून आपला वेगही कमी करतात. कोणता तोटा पत्करायचा हे ज्याचे त्याने ठरवावे. आम्ही नवी बॅटरी बसवून मर्यादा साठवर ठेवली, आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी झाकण उघडून पाहण्याची नोंदवही केली. ती नोंद आता मामाच करतात.

जाळ्याशी संबंध :
लॅपटॉपमधील वायफायचे आकाशक बहुधा पडद्याच्या चौकटीत, म्हणजे झाकणातच बसविलेले असतात. झाकण मिटल्यावर त्यांची दिशा व आसपासची परिस्थिती बदलते आणि टोकाच्या खोलीत जोडणी डळमळू लागते. तार जोडणे हा यावरचा सरळ उपाय आहे. महाविद्यालयांत तारेला आणखी एक कारण आहे. आपल्याकडील पुष्कळ शैक्षणिक परिसरांत वायफायसाठी एका पानावर नाव व पासवर्ड द्यावा लागतो आणि काही तासांनी तो पुन्हा मागितला जातो. मिटलेल्या यंत्रासमोर ते पान भरायला कोणी बसलेले नसते. यंत्र जागे, जोडणी मेलेली, अशी अवस्था रात्री उद्भवते. जाळ्याची देखभाल करणाऱ्यांना भेटून त्या यंत्राच्या जाळे-पत्त्याला या पानातून सूट मागावी. ती लेखी अर्जाने व प्राचार्यांच्या संमतीने घ्यावी, हे वेगळे सांगायला नको. संस्थेच्या जाळ्यात बाहेरून वाट काढणे ही खाजगी बाब नव्हे.

बाहेरून वाट काढण्यातील पहिली अडचण पत्त्याची असते. जगातील जुन्या पद्धतीचे आंतरजाल-पत्ते अपुरे पडल्याने सेवा पुरविणाऱ्या संस्था अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्याआड ठेवतात. त्यासाठी एप्रिल २०१२ मध्ये १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पत्त्यांचा पट्टा राखून ठेवण्यात आला. आपल्या राउटरचा बाहेरील पत्ता या पट्ट्यात येत असेल तर बाहेरचा कोणीही थेट आपल्यापर्यंत पोचू शकत नाही, मग राउटरमध्ये कितीही दारे उघडली तरी उपयोग होत नाही. कित्येक जण या दारांशी दिवसचे दिवस झगडतात, म्हणून हा पत्ता आधी पाहून घ्यावा.

आणि पोचता येत असले तरी दार थेट उघडे ठेवू नये. मे २०१९ मध्ये उघडकीस आलेला ‘ब्लूकीप’ हा दोष विंडोज ७ व त्याआधीच्या आवृत्त्यांतील आरडीपी सेवेत होता. पासवर्ड ठाऊक नसतानाही परक्याला त्यातून आत शिरता येत होते. मायक्रोसॉफ्टने तेव्हा मुदत संपलेल्या एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढली, यावरून त्याचे गांभीर्य लक्षात यावे. जुन्या लॅपटॉपवर जुनी प्रणाली असते, हा योगायोग नसतो. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० व तुलनेने नवा प्रक्रियक लागतो. त्यामुळे दहा-बारा वर्षांच्या यंत्रासमोर लिनक्स हाच व्यवहार्य मार्ग उरतो. तेथेही एक सीमा आली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२ बिटांच्या जुन्या इंटेल-जातीय यंत्रांसाठी स्थापनेची सोय उरलेली नाही. ६४ बिटांचे यंत्र असेल तरच पुढचा विचार करावा.

सुरक्षित वाटेसाठी ‘एसएसएच’ ही पद्धत आजही भक्कम आहे. हेलसिंकी तंत्रविज्ञान विद्यापीठातील टाटू इलोनेन यांनी १९९५ मध्ये ती रचली, तीही त्यांच्याच विद्यापीठाच्या जाळ्यावर पासवर्ड चोरले गेल्यानंतर. तोवर प्रचलित असलेल्या टेलनेटमध्ये पासवर्ड उघड्या अक्षरांत जात असे. टेलनेटचे दार २३ क्रमांकाचे, संचिका-वहनाचे २१, मधले २२ रिकामे होते, ते इलोनेन यांनी मागून घेतले. आपणही पासवर्डऐवजी किल्ल्यांची जोडी वापरावी व पासवर्डने प्रवेश बंदच करावा. हे दार जगाला दाखविण्यापेक्षा त्याभोवती खाजगी बोगदा असावा. मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झालेली ‘वायरगार्ड’ ही व्यवस्था त्यासाठी हलकी असून जुन्या प्रक्रियकालाही झेपते. दोन्ही टोके सामायिक पत्त्याआड असतील तर तिच्यावर उभारलेल्या ‘टेलस्केल’सारख्या मध्यस्थ सेवेची मदत घ्यावी लागते. मध्यस्थावर विश्वास टाकणे ही त्याची किंमत आहे.

पुन्हा उठविणे :
वीज पाच-सहा तास गेली, बॅटरी संपली, यंत्र बंद पडले. वीज परत आली तरी लॅपटॉप आपोआप सुरू होत नाही, कारण टेबलावरील संगणकात असणारी ही सोय सर्व लॅपटॉपमध्ये नसते. कार्यालयीन वापराच्या काही यंत्रांत वीज जोडताच सुरू होण्याचा किंवा रोज ठराविक वेळी उठण्याचा पर्याय आरंभीच्या मांडणीत मिळतो. तो असेल तर सकाळी सातची वेळ घालून ठेवावी. एका दिवसाहून अधिक काळ यंत्र मेलेले राहत नाही.

दुसरा मार्ग जाळ्यातून उठविण्याचा. त्याच खोलीतील दुसऱ्या चालू यंत्राने १०२ बाइटांचा एक विशिष्ट संदेश तारेवरून पाठवायचा असतो. त्यात आरंभी सहा बाइट ठराविक मूल्याचे आणि नंतर निजलेल्या यंत्राचा जाळे-पत्ता सोळा वेळा लिहिलेला असतो. नाव पुकारून झोपलेल्याला हाक मारावी तसा हा प्रकार आहे, फक्त सोळा वेळा. विभागाबाहेरून ही हाक सहसा पोचत नाही.

येथे गोपनीयतेचा एक पेच उभा राहतो. निवेदकांच्या आवाजात घरगुती, कधी जातिविषयक, कधी जमिनीच्या वादाविषयीचे बोलणे असते. यंत्र चोरीला गेले तर ते परक्याच्या हाती पडू नये म्हणून चकती कूटबद्ध असावी, हे उघड आहे. पण संपूर्ण चकती कूटबद्ध केली तर यंत्र सुरू होतानाच पासवर्ड मागते आणि मिटलेल्या झाकणासमोर तो देणारा कोणी नसतो. आम्ही प्रणाली उघडी ठेवून मुद्रणांचा भागच वेगळा कूटबद्ध केला. यंत्र स्वतः उठते, आम्ही एसएसएचने आत जातो, मग तो भाग उघडतो. काम झाल्यावर तो पुन्हा बंद करणे राहून जाऊ नये, एवढी सवय लावावी लागते.

खर्च आणि आयुष्य :
निष्क्रिय अवस्थेत आमचे यंत्र १२ ते १५ वॅट वीज घेते. १५ वॅट धरले तरी दिवसाला ०.३६ व वर्षाला सुमारे १३१ युनिट होतात. टेबलावरील जुना संगणक याच कामाला याच्या कित्येक पट घेतो. नवे यंत्र न घेतल्याने होणारी बचत पैशांत मोजता येते, पण ती केवळ पैशांची नाही. संयुक्त राष्ट्रांशी संलग्न संस्थांच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्वापराच्या प्रक्रियेत गेल्याची नोंद आहे.

तथापि जुन्या यंत्राला एकमेव प्रत सोपविणे हा काटकसरीचा भाग नव्हे. फिरत्या तबकडीची चकती दहा वर्षांनंतर कधीही दगा देऊ शकते. आमची मुद्रणे आता रोज रात्री दुसऱ्या इमारतीतील एका चकतीवर आपोआप उतरतात व दर सत्राअखेर एक प्रत ग्रंथालयाच्या कुलपात जाते. २०२२ साली हे काहीच नव्हते. त्या वेळी यंत्र केवळ निजले होते, त्याऐवजी चकती गेली असती तर सात उतारे नव्हे, साठ तास गेले असते.

यंत्र शेवटी निकालात काढताना मुद्रणांचा भाग पुसून, किल्ल्यांच्या यादीतून त्याची किल्ली काढून आणि खाजगी बोगद्यातून त्याचे नाव वगळून मगच ते द्यावे. १ एप्रिल २०२३ पासून भारतात ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ लागू आहेत. त्यांनुसार ते नोंदणीकृत पुनर्वापरकर्त्यापर्यंतच गेले पाहिजे. बॅटरी वेगळी काढून, तिची टोके चिकटपट्टीने झाकून सुपूर्द करावी. भंगारवाल्याच्या गाड्यावर ती इतर लोखंडाबरोबर टाकू नये.